आडवाटांवरची मोटारसायकल रॅली : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा ओसरला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या सदराकडे मोटारसायकल सहलींविषयीची पत्रे येऊ लागतात. डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या हिमालयन, एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम यांसारख्या गाड्या आता तालुक्याच्या गावांतूनही दिसतात आणि त्या घेऊन मित्रमंडळींची एक दिवसाची रॅली आडवाटांवरून कशी काढावी, असे यंदा अनेकांनी विचारले आहे. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही वीस मित्र डिसेंबरमध्ये कराडहून निघून शिखर शिंगणापूरला जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा विचार करीत आहोत. मुख्य रस्ते टाळून मोबाइलवरील नकाशात २५० किलोमीटरचा मार्ग आखला आहे. आखणीत आणखी कोणत्या गोष्टी पाहाव्यात? (एक वाचक, कराड)

उत्तर : सर्वप्रथम २५० किलोमीटरचा बेत सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकटा सराईत चालक हे अंतर कदाचित कापेल. परंतु वीस गाड्यांच्या ताफ्यात एकाची गाडी पंक्चर झाली, एकाला ओढ्याच्या उताराची धास्ती वाटली किंवा एकाचा आरसा फांदीला लागून तुटला, तरी सर्वांनाच थांबावे लागते. थांबे धरले तर कच्च्या रस्त्यावर अशा ताफ्याची सरासरी ताशी २० ते २५ किलोमीटरच्या वर क्वचितच जाते. डिसेंबरात सातच्या सुमारास उजाडते आणि सहाच्या सुमारास मावळते. त्यातून जेवणाचा आणि चहाचा वेळ वजा केला, तर पदरात आठ तास उरतात. म्हणून एकूण १२० ते १३० किलोमीटर आणि त्यांतील निम्मे कच्चे, एवढेच अंतर धरावे, आणि तेही ताफ्यातील सर्वांत नवख्या चालकाला झेपेल असे असावे.

काळोख पडण्यापूर्वी परतण्याचा आग्रह आम्ही धरतो, त्यामागे ऊस हे मोठे कारण आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखान्यांचा हंगाम चालतो आणि कृष्णाकाठच्या सर्व लहान रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर व बैलगाड्या रात्रंदिवस उसाची वाहतूक करतात. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, परावर्तकही अनेकदा धुळीने झाकलेला असतो आणि रस्त्यावर सांडलेल्या पाचटावरून मोटारसायकल घसरते. टेंभू, ताकारी यांसारख्या उपसा सिंचन योजनांचे पाणी पोहोचल्यापासून पूर्वेकडच्या गावांतही ऊस उभा राहिला आहे. तेव्हा दुष्काळी भागात ही वाहतूक नसेल, असे गृहीत धरू नये.

शिंगणापूरऐवजी आम्ही असे सुचवू की, कराडहून मसूर, शामगाव घाट, पुसेसावळी, औंध, वडूज, मायणी या दिशेने माळरानाच्या बाजूला जावे, विट्याला पोहोचावे आणि तेथून कडेगावमार्गे गुहागर-विजापूर महामार्गाने परत यावे. या मार्गाची रचना सोयीची आहे, कारण आडवाटांचा सर्व भाग दिवसाच्या पूर्वार्धात येतो आणि माणसे थकलेली असताना परतीला सरळ डांबरी रस्ता मिळतो. शिवाय वेळ हाताबाहेर जाऊ लागल्यास वडूज किंवा मायणी येथून मार्ग तोडून मोठ्या रस्त्याला लागता येते. असे तोडण्याचे टप्पे आधी ठरलेले असावेत आणि 'बारा वाजेपर्यंत वडूज गाठले नाही, तर पुढचा कच्चा भाग वगळायचा' इतक्या नेमक्या शब्दांत ते सर्वांना निघण्यापूर्वीच सांगितलेले असावेत. ऐन वेळी मत घेत बसल्यास उत्साही मंडळींचेच म्हणणे नेहमी वरचढ ठरते.

मातीचा विचार मोबाइलवरील नकाशा करीत नाही, तो आपणच केला पाहिजे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. परंतु पूर्वेकडील पावसाचा मोठा वाटा परतीच्या पावसाचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा असतो. त्यामुळे दसऱ्यानंतरही एखादी जोरदार सर येऊन जाते. मुरमाड वाट दुसऱ्या दिवशी चालण्याजोगी होते; काळ्या रानातून जाणारी वाट मात्र चार-चार दिवस वाळत नाही. त्या चिकट मातीचा थर पुढच्या चाकात आणि मडगार्डच्या मध्ये इतका घट्ट बसतो की चाक फिरेनासे होते. अशा वेळी गाडीचा दर्जा किंवा टायरची नक्षी फारशी कामाला येत नाही. काळ्या रानातील प्रत्येक तुकड्याला डांबरी पर्याय शोधून ठेवावा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालची फरशी दिसत नसेल, तर पाणी कितीही संथ वाटले तरी गाड्या घालू नयेत.

मार्गाची पाहणी दोघांनी आठवडाभर आधी करावी आणि ज्या दिशेने रॅली जाणार आहे त्याच दिशेने करावी, कारण उलट बाजूने येताना फाटे वेगळे दिसतात आणि टिपणे निरुपयोगी ठरतात. महिन्यापूर्वीची पाहणी पुरेशी नसते. मधल्या काळात कोणी वाट नांगरलेली असते, कोणी जलवाहिनीसाठी चर खणलेला असतो. कालव्याच्या काठाचे सेवारस्ते पाहणीत मोहक वाटतील. पण ते पाटबंधारे विभागाच्या कामासाठी आहेत, एका बाजूला कठड्याविना खोल पाणी असते आणि अरुंद जागी वीस गाड्या वळवता येत नाहीत. ते मार्गातून वगळावेत.

इंधनाची काळजी बहुतेकांनी पत्रात व्यक्त केली आहे, ती मात्र अनाठायी आहे. एक्सपल्स २०० ची टाकी १३ लिटरची, जुन्या ४११ सीसी हिमालयनची १५ लिटरची आणि नव्या ४५० ची १७ लिटरची आहे. कराडला टाकी भरून घेतली, तर एवढ्या अंतराला ती पुरून उरते. बाटल्यांतून पेट्रोल नेऊ नये.

प्रश्न : मी खटाव तालुक्यातील शेतकरी आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या पाणंदीतून तीस-चाळीस मोटारसायकली गेल्या. कडेच्या शाळूची ताटे मोडली, ठिबकच्या नळ्या चिरडल्या आणि बैल बुजून दावे तोडून पळाला. अशा रॅली काढणाऱ्यांना आपण काही सांगणार आहात का? (एक वाचक, तालुका खटाव)

उत्तर : आपले पत्र या सदरातील सर्वांत महत्त्वाचे पत्र आहे असे आम्ही मानतो आणि रॅली काढणाऱ्या प्रत्येकाने मार्ग आखण्यापूर्वी ते वाचावे अशी आमची इच्छा आहे. सहलीसाठी आलेल्यांना जी आडवाट वाटते, ती कोणाच्या तरी रोजच्या कामाची वाट असते. तिच्यावरून शेणखत जाते, वैरण येते, दूध डेअरीला जाते आणि मुले शाळेत जातात. म्हणून त्या वाटेवर कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी जायचे हे पाहुण्यांच्या सुट्टीवरून न ठरवता गावाच्या कामावरून ठरवले पाहिजे.

सर्वच पाणंदी सार्वजनिक नसतात, ही गोष्ट शहरी चालकांना ठाऊक नसते. गाव नकाशावर जे गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात, ते वहिवाटीचे रस्ते होत. याउलट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदारांकडून बांधावरून मिळणारी वाट ही त्या शेतकऱ्याला आपल्या शेतात पोहोचता यावे एवढ्यासाठीच असते. मोबाइलवरील नकाशात मात्र उपग्रहाच्या छायाचित्रात जे जे चाकोरीसारखे दिसते ते ते रस्ता म्हणून उमटते. आयोजकांनी ग्रामपंचायतीत किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, गाव नकाशा पाहावा. आणि तो पाहूनही शंका राहिली, तर ज्याचे रान वाटेला लागून आहे त्या शेतकऱ्याला विचारावे. तो नको म्हणाला, तर वाद न घालता मार्ग बदलावा.

विचारायला जाताना सरपंचांना एक साधे पत्र द्यावे. त्यात दिवस, गावातून जाण्याची वेळ, गाड्यांची संख्या आणि नुकसान झाल्यास कोणाशी संपर्क साधायचा हे नमूद करावे. भरपाईची रक्कम आयोजकांनी आधीच वेगळी काढून ठेवावी आणि ठिबकची नळी तुटली असेल, तर त्याच दिवशी, शक्य तर शेतातच, तिची किंमत द्यावी. 'नंतर पाठवतो' असे सांगून निघून गेलेल्या एका ताफ्यामुळे पुढच्या दहा ताफ्यांना त्या गावात उभे करून घेतले जात नाही, आणि गावकऱ्यांच्या या भूमिकेत काही चूक आहे असे आम्हांला वाटत नाही.

दिवस निवडताना पंचांगही पाहावे. म्हसवडला सिद्धनाथाची रथयात्रा मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला असते, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षातच भरते, पालीच्या खंडोबाची पौषात, तर शिंगणापूरची चैत्रात असते. या दिवसांत आसपासचे सर्व रस्ते भाविकांच्या गर्दीचे असतात. आठवडी बाजाराचा दिवसही टाळावा. जानेवारीपासून खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांत बेदाण्याच्या शेड सुरू होतात. जाळीवर वाळत घातलेल्या मण्यांवर फुपाटा बसला की मालाचा दर पडतो. त्यामुळे अशा शेडजवळून आणि द्राक्षबागेच्या कडेने जाताना दहाच्या वेगाने, एकामागोमाग एक जावे.

जनावरांच्या बाबतीत एकच पद्धत आम्हांला योग्य वाटते. समोरून बैलगाडी, मेंढरांचा कळप किंवा म्हशी येत असतील, तर वाटेच्या एका कडेला थांबावे, इंजिन बंद करावे आणि कळप पूर्ण पुढे जाईपर्यंत ते सुरू करू नये. माण-आटपाडीकडचे खिलार बैल चपळ आणि बुजरे असतात, आणि बुजलेला बैल आवरताना कासऱ्याच्या मागचा माणूस फरफटत जातो. मूळ सायलेन्सर बदलून मोठा आवाज करणाऱ्या गाड्यांना रॅलीत प्रवेशच देऊ नये. असे सायलेन्सर कायद्यातही बसत नाहीत.

प्रश्न : आमचा गट नोंदणीकृत नाही. पंचवीस गाड्यांच्या रॅलीला परवानगी लागते का? वेळ नोंदवून क्रमांक काढण्याचाही विचार आहे. (एक वाचक, विटा)

उत्तर : क्रमांक काढण्याचा विचार सोडला, तर आपले काम पुष्कळ सोपे होईल. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे आणि तिच्यात भाग घेणे हा गुन्हा आहे. स्पर्धात्मक रॅली घ्यायचीच असेल, तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने आणि त्याच्या नियमांनुसार ती घ्यावी लागते. हौशी मित्रमंडळींच्या आवाक्यातील ते काम नाही.

विम्याचा मुद्दा याहून अधिक दुर्लक्षित आहे. दुचाकीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि त्यांत आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वासार्हता चाचणी यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो. आपण पत्रकावर 'वेळ नोंदवली जाईल, पहिल्या तिघांना बक्षीस' असे छापले आणि त्या दिवशी अपघात झाला, तर तेच पत्रक दावा नाकारण्यास आधार ठरू शकते. सर्वांनी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत असल्याचे लिहून घेण्याची पद्धत आहे आणि ती असावीही. मात्र आयोजकांचा निष्काळजीपणा त्या कागदाने झाकला जात नाही.

स्पर्धा नसलेल्या सहलीसाठीही ज्या पोलीस ठाण्यांच्या हद्दीतून जायचे आहे त्यांना मार्गाच्या प्रतीसह लेखी कळवावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश जिल्ह्यात वेळोवेळी निघतात. तसा आदेश त्या दिवशी लागू आहे का, याची चौकशी तेथेच करावी. प्रत्येकाचा परवाना, विमा आणि पीयूसी प्रमाणपत्र निघण्याच्या आदल्या दिवशी तपासावे, कारण सकाळी सहा वाजता विमा संपलेला आढळला तरी त्या मित्राला परत पाठवणे सर्वांच्याच जिवावर येते.

प्रश्न : कास, बामणोली, चाळकेवाडी असा पश्चिमेकडचा मार्ग अधिक निसर्गरम्य नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : निसर्गरम्य आहे, म्हणूनच तेथे कच्च्या वाटांची रॅली नेऊ नये. कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी आहे. तेथील सड्यावर जांभ्याच्या कातळावरील काही बोटे मातीतच सारी फुलझाडे रुजतात, आणि त्या मातीवर उमटलेली चाकोरी अनेक पावसाळे भरून येत नाही. पलीकडे कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे वन विभागाच्या परवानगीविना प्रवेश नाही. या बाजूला डांबरी रस्त्याने, चार-पाच गाड्यांनी, फुलांचा हंगाम आणि सुट्ट्यांची गर्दी टाळून जावे.

प्रश्न : मी वर्षभर एक्सपल्स चालवते. भावाच्या गटाने रॅलीला बोलावले आहे. परंतु मागे पडले तर रस्ता चुकेन आणि सर्वांचा खोळंबा होईल, अशी भीती वाटते. जावे का? (एक वाचक भगिनी, इस्लामपूर)

उत्तर : अवश्य जावे, मात्र त्यापूर्वी गटाला दोन प्रश्न विचारावेत. फाट्यावर थांबण्याची काय पद्धत ठरली आहे, आणि सर्वांत मागे कोण असणार आहे? या दोन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर हा गट पुरेशा तयारीचा नाही असे समजावे.

चांगल्या गटात सर्वांत पुढे मार्ग माहीत असलेला एकजण, म्हणजे लीड, असतो आणि सर्वांत मागे शांत स्वभावाचा व दुरुस्ती येणारा एकजण, म्हणजे स्वीप, असतो. प्रत्येक फाट्यावर लीडच्या लगेच मागचा चालक थांबतो, मागून येणाऱ्या सर्वांना वळण दाखवतो आणि स्वीप येईपर्यंत जागा सोडत नाही. मग स्वीपच्या पुढे राहून तो पुन्हा चालू लागतो. पुढच्या फाट्यावर दुसऱ्याची पाळी येते. या पद्धतीत कोणालाही समोरच्याला नजरेआड होऊ न देण्यासाठी धावावे लागत नाही, आणि आडवाटांवरील पुष्कळसे अपघात त्या धावण्यातूनच होतात. माळावर फुपाट्यामुळे समोरचे काही दिसत नाही. अशा वेळी धूळ खाली बसेपर्यंत खुशाल अंतर वाढू द्यावे, फाट्यावर माणूस उभा असणारच आहे. पंधरापेक्षा अधिक गाड्या असतील, तर दोन तुकड्या करून त्यांच्यात पंधरा मिनिटांचे अंतर ठेवावे आणि प्रत्येक तुकडीला स्वतंत्र लीड व स्वीप द्यावा. ही व्यवस्था समजावून सांगायला निघताना पाच मिनिटे पुरतात. ती सर्वांना हेल्मेट घालण्यापूर्वी उभे करून सांगावी, संदेशात लिहून भागत नाही.

एक्सपल्सच्या आसनाची उंची ८२५ मिलिमीटर आहे. पाय पूर्ण टेकत नसतील, तर उतारावर थांबताना गाडी कोणत्या बाजूला झुकवायची आणि पडलेली गाडी पाठ वाकवून न उचलता पाठीने रेटून कशी उभी करायची, याचा सराव एखाद्या मोकळ्या माळावर आधी करून घ्यावा. उभे राहून चालवण्याचाही सराव करावा. गुडघे टाकीला धरले की हात सैल राहतात आणि खड्ड्यात चाक हलले तरी हँडल हिसकत नाही.

प्रश्न : पंक्चर आणि दुखापत या दोन्हींची तयारी किती ठेवावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, त्यामुळे ट्यूबलेस टायरच्या पट्ट्या तेथे उपयोगी पडत नाहीत. टायर काढण्याचे लोखंडी पट्टे, पंप आणि पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब बरोबर असावी. ही ट्यूब अडचणीच्या वेळी मागच्या १७ किंवा १८ इंची चाकातही बसवून घरापर्यंत येता येते, उलट मात्र जमत नाही. कच्च्या रस्त्यासाठी हवा थोडी कमी करतात. ती फार कमी केल्यास दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटली जाते आणि वॉल्व्हपाशी फाटते. क्लचची तार आणि दोन्ही लिव्हर जास्तीचे घ्यावेत. न चालणारी गाडी आणण्यासाठी वडूज किंवा विट्याच्या एखाद्या पिकअपवाल्याशी आधीच बोलून ठेवावे.

दुखापतीसाठी प्रत्येक टप्प्यालगतचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि मोठ्या उपचारांसाठी कराड, सातारा की मिरज जवळचे, हे मार्गाच्या कागदावरच लिहिलेले असावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना केवळ मोबाइलवरील ठिकाण पाठवू नये. गाव, वस्ती आणि कोणत्या रस्त्यापासून आत किती, हे तोंडी सांगावे आणि एका माणसाला मुख्य रस्त्यावर उभे करावे. ज्या ओढ्यांत आणि खिंडींत मोबाइलला रेंज नाही, त्यांची नोंद पाहणीच्या वेळी करून ठेवावी. बेशुद्ध पडलेल्याचे हेल्मेट श्वास अडत नसेल तर काढू नये, मान हलू देऊ नये आणि तोंडात पाणी घालू नये. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे; वाटेवर धावून आलेल्या गावकऱ्यांना ते सांगावे, म्हणजे कोर्टकचेरीच्या भीतीने कोणी मागे हटणार नाही.